वरचं दूध, दोन पडदे

मावळात लोक पावसाळ्यात भिजायला जातात आणि थंडीत तंबूत झोपायला. मी गेले ती दोन सॉफ्टवेअरांची झुंज लावायला. हसू नका, माझ्या पोटापाण्याचा धंदाच तो आहे. एखाद्या संस्थेकडे आकड्यांचे ढीग साचलेले असतात. ते उपसून त्यातून तक्ते, नकाशे, चढउताराच्या रेघा पडद्यावर काढून देणारी सॉफ्टवेअरं बाजारात पैशाला पासरी झाली आहेत. त्यातलं कुठलं कुणाला मानवेल, हे मी दोन्ही राबवून बघते आणि सांगते. सोयरीक जुळवणाऱ्या बाईसारखंच काम आहे. नवरामुलगा दिसायला कसा आहे ते सगळेच विचारतात, कामाला कसा आहे ते मी बघते.

बोलावणं होतं मावळातल्या एका दूध संस्थेचं. नाव सांगत नाही, त्यांना आणि मला दोघांनाही पुढे तोंड दाखवायचं आहे. गावोगावच्या केंद्रांवर दूध येतं, मोजलं जातं, आणि प्रत्येक मापाची नोंद फोनवरून होते. कुठल्या वाडीतून किती दूध येतं, कुठली गाडी भरून धावते आणि कुठली रिकामी, हे एका पडद्यावर दिसावं एवढीच त्यांची मागणी. दोन कंपन्यांनी आपापली सॉफ्टवेअरं महिनाभर वापरायला दिली होती. त्यांची नावं घेतली तर एकीची जाहिरात होईल आणि दुसरीशी भांडण, म्हणून मी त्यांना घरगुती नावं ठेवली. एक पैठणी, दुसरी इरकल. पैठणी म्हणजे नकाशे, रंग, बोट लावलं की उमलणारे तक्ते. इरकल म्हणजे रोजच्या वापरातली. नुसती आडव्या-उभ्या रकान्यांची, पण धुवा, वाळवा, परत नेसा. मी सोलापूरची, त्यामुळे माझा ओढा कुठे असणार ते ओळखलंच असेल तुम्ही. पण कामात मी आपपर करत नाही, निदान तसा प्रयत्न करते.

सुदुंबरे

संस्थेची कचेरी सुदुंबऱ्याच्या अलीकडे, एका बाजूला कांद्याचं शेत आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत अशा जागी. शिफ्ट सुटली की रस्त्याने मोटारसायकलींचा लोंढा जातो आणि त्यातूनच वाट काढत एखादी म्हैस घरी निघते. म्हशीला कुणी हॉर्न देत नाही, हे मला फार आवडलं. आमच्या सोलापुरात माणसालाही देतात आणि देवळालाही देतात.

संस्थेचे सचिव पुण्याचे. हौशी माणूस. मी खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी पोहे, केळं, ताक, सगळं पुढे केलं आणि स्वतः माझ्या शेजारी शाळेतल्या मुलासारखे येऊन बसले. "मॅडम, मला फक्त एक करून द्या. सकाळी उठल्यावर फोनवर एका नजरेत कळलं पाहिजे की कुठे काय दुखतंय."

आम्ही नोंदी उघडल्या. नोंदीत केंद्राचं नाव, गाव, लिटर, फॅट आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना. केंद्रावरची माणसं त्यात मनाला येईल ते लिहितात. 'उशिरा आलं', 'गाईचं', 'बैलपोळा'. त्यात एक शब्द वारंवार यायला लागला. 'वरचं'.

"हे वरचं म्हणजे काय?" मी विचारलं.

"ते सोडा हो. वरकड दूध. सगळ्यांची मापं झाली की कॅनमध्ये थोडंफार जास्तीचं निघतंच ना, ते. कुणाच्याच नावावर नसतं. ते धरलं की सगळा घोळ होतो."

मला ते लगेच पटलं. आमच्या लहानपणी गवळी माप ओतून झालं की वर एक धार सोडायचा. विसरला तर आई दारातूनच ओरडायची, "अहो, वरचं कुठाय?" वरचं म्हणजे मापावरचं. यात विचारण्यासारखं काय आहे? मी दोन्ही सॉफ्टवेअरांना एकच नियम घालून दिला, की 'वरचं' लिहिलेल्या नोंदी बाजूला ठेवा.

मग झुंज सुरू झाली. पैठणीने मावळचा नकाशा काढला, पवनेचं धरण निळं, डोंगर करडे, आणि दूध भरपूर तिथे हिरवे ठिपके. सगळीकडे हिरवळ आणि धरणाच्या पलीकडच्या डोंगरात एकच लालभडक ठिपका. करवंदवाडी. तिथे रोज जीप जाते आणि जेमतेम एखादा कॅन घेऊन येते, असा त्याचा अर्थ. इरकलीनेही तेच सांगितलं, पण तिच्या पद्धतीने. खाली कुठेतरी करवंदवाडीच्या पुढे एक किरकोळ आकडा. आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, कुणी मागितलेली नसताना एक जादा ओळ, 'वगळलेल्या नोंदी'.

"ही ओळ कशाला?" सचिव म्हणाले. "उगाच डाग पडल्यासारखी दिसते."

मलाही ती खटकली होती. माझ्या कागदावर इरकलीच्या नावापुढे मी उण्याची खूण केली आणि लिहिलं, 'नको ती माहिती दाखवते'. तो कागद मी अजून टाकलेला नाही. कधीतरी काढून बघते आणि स्वतःच्या अक्षराचा राग येतो.

सचिवांनी मात्र पैठणीच्या लाल ठिपक्याचा फोटो काढला, कडेला माझा अंगठा आलेला, तसाच संचालकांच्या ग्रुपवर टाकला. "नमुना आहे हो हा," मी म्हटलं. "अजून तपासायचंय सगळं."

"हो हो, नमुनाच," ते म्हणाले, आणि फोनकडे बघून लहान मुलासारखे हसले.

भाजे

राहायची सोय भाज्यात होती, मळवली स्टेशनपासून जवळच, एका शेतकरी कुटुंबाच्या घरी. त्यांनी वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी केल्या आहेत. शनिवार-रविवारी तिथे पुण्या-मुंबईची माणसं असतात, मधल्या वारी माझ्यासारखं कुणीतरी चुकलेलं. घरमालकीणबाईंनी जेवायला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि इंद्रायणीचा भात वाढला. भात पानात पडला आणि खोलीभर वास सुटला. आमच्याकडे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी येणारा पाहुणा, इथे तोच घरधनी. मी पिशवीतून शेंगांची चटणी काढली. बाईंनी चिमूटभर चाखली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लय भारी हाय, पर घसा पेटला की वो!" मग भाकरीवर पसरून दुसऱ्यांदा घेतली.

सकाळी लेणी बघायला चढले. सँडलचा पट्टा तिसऱ्या वळणावर तुटला आणि उरलेल्या पायऱ्या एका अनवाणी पायाने चढले. दगडात कोरलेल्या त्या प्रचंड कमानीखाली उभं राहून मी काय करावं? फोन काढला आणि पैठणी उघडली. तिथे रेंज किती येते ते बघायचं होतं ना! चाकरी अशी माणसाची अक्कल खाते. पैठणी गोल गोल फिरत राहिली, इरकल मात्र चटकन उघडली. इरकलीला एक अधिक खूण.

संध्याकाळी घरच्याच छपाईयंत्रावर दोघींचे कागद काढले. पैठणीच्या कागदावर जोडाक्षरं मोडली. 'म्हशी'चं 'म् हशी' झालं, जोडाक्षर नसल्याने 'मळवली' तेवढी वाचली. "ह्या म्हशीचं शिंग मोडलंया," घरमालकीणबाई म्हणाल्या. मी खो खो हसले आणि इरकलीला आणखी एक अधिक दिलं. दिवस मजेत गेला. आता आठवलं की त्या मजेचीच चुटपुट लागते. त्याच दिवशी सचिवांचा एक फोन पवनानगरला गेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पवनानगर, आणि तिथून वर

पवनानगरला मला फिरवायला दत्ताभाऊ होते. पन्नाशीचे, गळ्यात मफलर, स्वतःची जीप. संस्थेचं दूध तेच वाहायचे आणि मधल्या वेळात वडाप, म्हणजे माणसांची ने-आण. धरणाच्या कडेने तंबूच तंबू लागलेले, रंगीबेरंगी, आणि मागे तिकोना आणि तुंग आपापल्या जागी गप्प बसलेले. रेंज फक्त पाण्याच्या अगदी कडेला एका खडकावर येत होती. मी तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, तर एका तंबूतला तरुण येऊन म्हणाला, "आंटी, कोळसा कधी येणार?" त्याला मी तंबूवाल्यांची मॅनेजर वाटले. मी म्हटलं, "बाबा, मी स्वतःच रेंजची वाट बघतेय." दत्ताभाऊ मफलरात तोंड खुपसून हसले.

हसता हसता ते सहज बोलून गेले, "आता ह्यांचीच हमाली करायची हाय म्हना. उद्यापासनं मी टेंटवाल्याकडं. वरची गाडी बंद झाली न्हवं."

"कुठली वरची गाडी?"

"करवंदवाडीची. सचिवसाहेबांचा काल फोन आलता. लाल ठिपका पडलाय म्हनं. गाडीचा खर्च परवडत न्हाई."

मी लॅपटॉप मिटला. "अहो, पण तो नमुना होता! अजून तपासणी चालू आहे!"

"ते मला कुटं ठावं ताई? बंद म्हनले, बंद क्येली. टेंटवाला कवापासनं मागं लागलाता, त्याला शब्द दिला म्या. सीझन संपंपतूर." मग थोडं थांबून ते म्हणाले, "पर एक इचारू? दूध तर चांगलं येतंय की तितनं. मीच आनतोय न्हवं. ठिपका लाल कसा काय?"

"चांगलं म्हणजे किती?"

"चला की बघायला. सांजची खेप करनार हाय, शेवटचीच."

रस्ता म्हणजे नुसता दगडगोट्यांचा चढ. टेम्पो तिथे चढत नाही, जीपच लागते, आणि तीही चालवणारा दत्ताभाऊंसारखा असेल तरच. अर्ध्या वाटेत मी देवाचं नाव घेतलं आणि उरलेल्या वाटेत लॅपटॉपचं. वर पोहोचलो तर मोकळं पठार, कापलेल्या भातखाचरांचे पायऱ्यापायऱ्यांचे तुकडे, पेंढ्याच्या उडव्या, आणि कुडाच्या भिंतींची थोडी घरं. धार काढायची वेळ होती. घराघरातून भांड्यात दूध पडल्याचा आवाज येत होता.

वाडीचं दूध गोळा करतात सोनामावशी. साठीच्या असतील, काटक, कासोटा घातलेल्या. त्यांच्या ओसरीवर बायका किटल्या घेऊन यायला लागल्या. एक झाली, दोन झाल्या, येतच राहिल्या. मावशी गाळून कॅनमध्ये ओतत होत्या, कॅन भरला की झाकण लावून पुढचा ओढत होत्या. ओसरीच्या कडेला भरलेल्या कॅनची रांग लागली. पैठणीने सांगितलेला जेमतेम एक कॅन तर पहिल्या काही किटल्यांतच भरला होता. मी वेड्यासारखी बघत उभी राहिले.

"मावशी, हे सगळं दूध इथलंच?"

"मंग कुटलं? आमच्या वाडीचं. आमचं वरचं दूध म्हंजी ताई, खालच्या दुधासारखं न्हाई ते. म्हस डोंगरात चरती, साय बघा कशी येती."

"काय म्हणालात? कुठलं दूध?"

"वरचं."

"वरचं म्हणजे?"

मावशी गाळणं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या, आणि त्यांच्या मागच्या बायकाही हसल्या. "आता काय सांगावं? वरचं म्हंजी वरचं! हे वरचं, ते खालचं. खाली केंद्रावर गेलं की त्यो मापवाला बी म्हनतोय, 'आलं का वरचं?' न्हाई का वो दत्ताभाऊ?"

"व्हय की," दत्ताभाऊ म्हणाले. "आन फोनात बी तसंच लिवतो त्यो."

मी ओसरीवरच बसले. आईचं वरचं आणि मावशींचं वरचं. बाकीच्या केंद्रांवर त्या शब्दाचा अर्थ मापावरचं असा होता, सचिव खोटं बोलले नव्हते. पण या एका केंद्रावर तोच शब्द डोंगराच्या माथ्यावरून उतरून आला होता. मी सुदुंबऱ्यात बसून एक नियम घातला आणि अख्ख्या वाडीचं दूध वगळलं. उरला तो लाल ठिपका म्हणजे जीपमध्ये बसून स्वतःची किटली स्वतः खाली नेणारी एक-दोन घरं, त्यांच्या नोंदी नावानिशी व्हायच्या. मावशींना पैसे मात्र बरोबर मिळत होते, दुधाच्या पैशांचा हिशेब दुसरीकडे व्हायचा, म्हणून कुणाला संशयही आला नाही. तीन दिवस मी पैठणी सरस की इरकल सरस याच्या खुणा करत हिंडत होते. दोघींनी एकच चूक सांगितली, कारण दोघींच्या कानात फुंकणारी मी एकच होते. मला रडायला आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मावशींना वाटलं मला गाडी लागली. त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी त्यांना सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत.

"म्हंजी गाडी खरंच बंद?" त्यांनी दत्ताभाऊंना विचारलं. ते मफलर सारखा करत जमिनीकडे बघत होते.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "उद्या लोणावळ्याला बैठक आहे. चूक दाखवते, गाडी चालू करायला लावते."

"सांगा," मावशी म्हणाल्या. "पर ताई, म्हस थांबत न्हाई वो. तुमची बैठक होईस्तवर ती दूध द्यायचं थांबंल का? काडायला तर लागंलच. काडून वतायचं कुटं? डोईवर घिऊन उतरावं तर खाली पोचंपतूर उन्हानं नासतं, आन रोज कोन उतरनार? चार दिस पोरंसोरं पितील, शेजारीपाजारी वाटू. मंग?"

खाली उतरताना जीपमागे कॅन एकमेकांवर आदळत होते. खडकावर जाऊन मी सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, "अरेरे! बरं झालं तुम्ही बघितलंत. उद्या बैठकीत मांडूच."

लोणावळा

बैठक एका हॉटेलच्या सभागृहात होती. बाहेर चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग, आत संचालक मंडळी, टेबलावर शेंगदाण्याची आणि खोबऱ्याची चिक्की. लोणावळ्यात बैठक म्हटली की चिक्कीशिवाय कोरम होत नसावा.

मी पडद्यावर दोघींना शेजारी शेजारी लावलं. चूक कुठे झाली, 'वरचं' या शब्दाचे दोन अर्थ कसे, नियम मी घातला, हे सगळं सांगितलं. मग सगळ्यांसमोर नियम बदलला. पवनानगरच्या केंद्रावरचं 'वरचं' म्हणजे करवंदवाडीचं. पैठणीवरचा लाल ठिपका एकदा लुकलुकला आणि हिरवागार झाला.

आणि टाळ्या वाजल्या! खरंच सांगते, टाळ्या. "बघा, किती पटकन!" "एका झटक्यात!" अध्यक्ष तर उठून पडद्याजवळ गेले आणि ठिपक्याला बोट लावून बघून आले. इरकलीत तोच आकडा निमूटपणे बदलला होता, तिकडे कुणी पाहिलंही नाही.

"म्हणून मी सांगते, इरकल घ्या," मी म्हटलं. ती नावं त्यांनाही तोंडपाठ झाली होती. "ती काय वगळलं ते तळाशी लिहिते. ती ओळ आम्ही नीट वाचली असती तर हे झालंच नसतं. पैठणी हे सांगतच नाही."

त्यावर वाद रंगला. कुणी म्हणे, ती ओळ पैठणीतही घालता येईल. कुणी म्हणे, शेतकऱ्याला नकाशा कळतो, तक्ता कळत नाही. मीही इरेला पेटले. छपाई, जोडाक्षरं, रेंज, वर्गणी, मी एकेक मुद्दा हिरिरीने मांडत गेले, माझा आवाज चढला. कधी नव्हे ती इतकी छान बोलले. शेवटी पैठणी घ्यायचं ठरलं. मी हरले, तरी लोकांनी माझं कौतुक केलं.

उठता उठता मी विचारलं, "आणि जीप?"

"ती चालू करूच की," सचिव म्हणाले. "पण दत्ताभाऊ आता टेंटवाल्याला बांधलेत ना. दुसऱ्या जीपही सगळ्या तिकडेच. सीझन संपला की पहिली गाडी करवंदवाडीला. मॅडम, माझा शब्द." अध्यक्षांनी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली, आणि मीही.

तिथे मी अडून बसायला हवं होतं. दुसऱ्या तालुक्यातून गाडी आणा, टेंटवाल्याशी बोला, निदान सांजची एक खेप तरी मागून घ्या, काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्याजवळचा सगळा दम मी एका सॉफ्टवेअरसाठी खर्च केला आणि जीपसाठी एक प्रश्न विचारला, तोही पिशवी उचलता उचलता. मग चिक्की घेतली आणि सोलापूरची गाडी पकडली.

घरी आल्यावर

शिमगा झाल्यावर सचिवांचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, पैठणी एकदम झकास चालली आहे. आता आकडा न् आकडा बरोबर येतोय. तुम्ही सांगितलेली वगळल्याची ओळसुद्धा टाकून घेतली मी."

"आणि करवंदवाडी?"

"ती लाल आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "पण या वेळी बरोबर लाल आहे. मी स्वतः खात्री केली. जीप पाठवली होती हो, शब्द दिला होता मी तुम्हाला."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सोनामावशींचा फोन आला. त्या दिवशी ओसरीवर मी त्यांना माझा नंबर दिला होता. आवाजात राग नव्हता, मला तो असता तर बरं वाटलं असतं.

"ताई, गाडी आलती. दत्ताभाऊच आलते. रिकामी आली, रिकामी गेली. म्हशी इकल्या वो समद्यांनी. दूध रोज वतून द्यायचं कुणाला सोसंल? आन वैरन फुकट घालायची किती दिस? माझी एक ठिवली व्हती नातवापायी, ती बी आटली."

मी "माफ करा मावशी" असं काहीतरी पुटपुटले.

"तुमी काय करनार ताई? जाऊ द्या. मी फोन क्येला तो येगळ्या कामाला. तुमी शिकल्यासवरल्या, तुमाला ठावं असंल. नातवासाटी पवनानगरहून पिशवीचं दूध आनलंय मी. ते किती दिस टिकतं वो?"

मी सांगितलं. तापवून ठेवा, गार जागी झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकेल. मावशींनी ते नीट ऐकून घेतलं, आणि लक्षात राहावं म्हणून मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.